चिखलात राव, कातळावर रंक

शनिवारी संध्याकाळी सात वाजता केस्विकच्या मूट हॉलच्या दारातून निघायचंय. आज मंगळवार. आता पळणं बंद, जिने चढणंसुद्धा बेतानं. हात शिवशिवताहेत म्हणून निदान या बुटांबद्दल लिहून टाकते. आठ आठवडे, साधारण ३०० किलोमीटर वापरलेत, त्यामुळे बोलायचा हक्क आहे.

आधी कशासाठी घेतले ते. बॉब ग्रॅहम राउंड म्हणजे इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधली ४२ शिखरं, सुमारे १०६ किलोमीटर, ८,२०० मीटरच्या आसपास चढाई, आणि हे सगळं २४ तासांच्या आत. मी साताऱ्याची, त्यामुळे हिशोब अजिंक्यताऱ्यात करते: पायथ्यापासून माथ्यापर्यंत पंचवीसेक वेळा. इथे डोंगराला ‘फेल’ म्हणतात आणि त्यावर पळण्याला फेल रनिंग. आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, “नावातच फेल, मग पास कशी होणार गं तू?”

बूट खास फेलसाठीचा, तळाला ८ मिलिमीटरचे रबरी स्टड. किंमत १३५ पौंड. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक बूट २७५ ग्रॅम भरला. माझे पाय कोल्हापुरी चपलांत वाढलेले, पंजा रुंद, म्हणून अर्धा नंबर मोठा घेतला. तरी दोन नखं काळी झालीच, पण ती बुटाच्या खाती मांडत नाही.

सरावात याच वाटेचे टप्पे पळून बघितले. पहिल्या टप्प्यात बूट सोन्यासारखा वागला. स्किडॉ उतरून ग्रेट काल्व्हाकडे जाताना गुडघाभर हेदरची झुडपं, मग कॅल्ड्यू नदी ओलांडायची, आणि पुढे मंग्रिसडेल कॉमनचा तो पाणथळ माळ, जिथे पाय कुठे टेकतोय हे पायालाच कळत नाही. नदीत बूट भरला, पण वीस-पंचवीस पावलांत पाणी बाहेर. चिखलातून पाय उपसताना टाच सुटली नाही. श्रावणात यवतेश्वरच्या उतारावर साध्या बुटांनी किती वेळा बसकण मारली होती ते आठवलं आणि हे तेव्हा असते तर, असं वाटून गेलं.

मग ब्लेनकॅथ्रा. त्याची हॉल्स फेलची धार उतरायची असते. काळसर दगड, वर्षानुवर्षं पायांनी गुळगुळीत झालेला, त्यात रिमझिम. ओल्या कातळावर हे स्टड म्हणजे गोट्यांवर उभं राहिल्यासारखं. दोनदा घसरले. दुसऱ्यांदा मांडीवर हातभर ओरखडा. आमच्या क्लबातल्या सत्तरीतल्या आजोबांनी आधीच बजावलं होतं की जेवढे दात लांब तेवढी कातळाला पकड कमी, कारण दगडाला रबराची फक्त टोकं लागतात. ऐकलं नाही.

दुसऱ्या टप्प्यात डॉड्सच्या गवताळ माथ्यांवर पुन्हा मजा. फेअरफिल्डला वर जाऊन त्याच वाटेनं परत यायचं असतं, तिथल्या घसाऱ्यावर बूट ना चांगला ना वाईट. पण सीट सँडलवरून डनमेल रेझच्या खिंडीत उतरणारं ते उभं गवत! टाचा रोवत, हात पसरून, अक्षरशः उडत आले. या एका उतारासाठी पैसे वसूल.

खिंडीत बूट बदलायचे की नाही, यावर सोबत पळणाऱ्यांशी दोन आठवडे वाद चाललाय. (प्रत्येक शिखरावर साक्षीला कुणीतरी सोबत असावं लागतं, तेव्हा वादाला माणसांची कमतरता नाही.) समोरचं स्टील फेल उभं गवताचंच, तिथे हेच बूट हवेत. पण बोफेलपासून पुढे दगडच दगड, ग्रेट एंड ते स्काफेल पाइक तर रांजणाएवढे धोंडे. त्यानंतर ब्रॉड स्टँडचा कातळटप्पा, तिथे दोर लावून एक मैत्रीण थांबणार आहे. ओलं असेल तर फॉक्सेस टार्नचा वळसा. मी ठरवलंय: डनमेलला बदलायचे. स्टील फेलवर घसरले तर गवतात पडेन, तिकडे घसरले तर धोंड्यांवर. शेवटी न्यूलँड्सला डांबर लागलं की साधे रस्त्याचे बूट. म्हणजे एकूण तीन जोड. १९३२ साली केस्विकमध्ये गेस्ट हाउस चालवणाऱ्या बॉब ग्रॅहमनं हे सगळं टेनिसचे बूट आणि पायजम्याचा सदरा घालून २३ तास ३९ मिनिटांत केलं होतं म्हणतात. त्यामुळे माझ्या पेटाऱ्याकडे बघून आजोबा हसतात ते बरोबरच आहे.

आता तक्रार. आतलं सोल ओलं झालं की पुढे सरकतं आणि बोटांखाली त्याची गुंडाळी होते. कंपनीला ईमेल केली, तर उत्तर आलं की हा नेहमीच्या वापराचा परिणाम आहे. पाण्यात जाणाऱ्या बुटाचा नेहमीचा वापर म्हणजे पाणीच ना? दुहेरी चिकटपट्टी लावून बघितली, ती दोन फेऱ्या टिकली. शेवटी जुन्या बुटातलं सोल काढून यात बसवलं, तेव्हापासून शांतता. नाडीही गोल आणि गुळगुळीत, तीन तासांत सुटते. दोन गाठी मारून टोक आत खोचावं लागतं. नाव मुद्दाम लिहीत नाही, एका जोडीवरून कुणाला बोल लावणं बरं नाही. आणि डांबरावर चालू नका, पुढच्या स्टडच्या कडा आताच गोल झाल्यात.

गवत आणि चिखलासाठी पाचपैकी साडेचार. कातळासाठी दोन, तेही ओरखडा भरून आलाय म्हणून.

डनमेलचा डबा भरून झालाय: कोरडे मोजे, व्हॅसलीन, टॉर्चच्या जादा बॅटऱ्या, थर्मासात मऊ मुगाची खिचडी जाईल ती शनिवारी सकाळी. चिक्की दोन किलो आणली होती, पण सोबत पळणाऱ्या मंडळींनी सरावातच निम्मी संपवली. बूट बाल्कनीत वर्तमानपत्राचे बोळे पोटात घेऊन वाळताहेत. शुक्रवारपर्यंत वास गेला नाही तर ते गाडीच्या टपावरून येतील.