आठवीच्या वर्गात मराठी लेखनासाठी लॅपटॉप: जूनपासूनच्या वापरानंतर

"मॅडम, स्टिकर वॉरंटीत येत नाहीत." पुरवठादाराचं हे उत्तर काल पुन्हा ऐकलं, म्हणून सविस्तर लिहायला बसले. जूनपासून आमची आठवीची मुलं रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेले पण दुरुस्त करून विकलेले लॅपटॉप घेऊन गूगल डॉक्समध्ये (गूगलची नेटवरून लिहायची सोय) मराठी लिहितात, तेही विंडोजमधल्या मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डने, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरलेल्या कळरचनेने. आमची तालुक्याच्या गावातली अनुदानित मराठी शाळा आहे आणि एका लॅपटॉपवर दोन मुलं बसतात.

मशीन चांगली निघाली. पण कीबोर्डवर चिकटवून दिलेले देवनागरी स्टिकर दिवाळीच्या आतच सुटायला लागले. सगळ्यात आधी गेले डी आणि जे. डीवर पाय मोडायची खूण, जेवर र. मराठीत या दोन कळा किती वेळा लागतात ते मोजायची गरजच नाही. आणि जेची कळ नुसती दाबून भागत नाही, शिफ्टबरोबर ती दाबली की ऱ येतो. तो नाही आला तर पुढचं सगळं बिघडतं. एक मुलगी विचारत होती, "बाई, मी वाऱ्यावर लिहितेय, मग वार्‍यावरच्या जागी हे वार्यावर का उमटतंय?" तिचं शुद्धलेखन बरोबर होतं, फक्त कळेवरची खूण पुसली गेली होती. आठवीतलं पोर अशा वेळी आपलंच चुकलं समजून तो शब्दच टाळतं. मला राग येतो तो याचा. पैसे देवनागरी कीबोर्डचे घेतले, कळा रोमनच राहिल्या, आणि स्टिकरची किंमत ती काय, पण बदलून देणार नाहीत.

विंडोजमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्डही आहे, म्हणजे रोमन अक्षरांत उच्चार टाइप केला की देवनागरी उमटते, तो लावा, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. मराठी माध्यमाच्या मुलाने "घ" लिहायला आधी रोमन अक्षरं आठवायची, हे मला मान्य नाही. इनस्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, आणि "कि" लिहिताना आधी क, मग वेलांटी, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने. हे एकदा कळलं की मुलं भराभर पुढे जातात.

आता मुख्याध्यापकांबद्दल, कारण बऱ्याच शिक्षकांचं गाडं तिथेच अडतं. लॅपटॉपवर लिहून घ्यायला सरांचा आक्षेप होता, पण तो खर्चावर नव्हता. ते म्हणाले, "बाई, दहावीला मराठी कुमारभारतीचा 80 गुणांचा पेपर पेनानेच लिहायचा आहे. त्यातले 24 गुण उपयोजित लेखनाचे. टायपिंगने काय साधणार?" आक्षेप रास्त होता. मीही टायपिंग शिकवायचं म्हणून मागणी केलीच नव्हती. वहीत मी लाल पेनाने खुणा करते, मूल त्या बघतं आणि पान उलटतं. अख्खा निबंध पुन्हा लिहायला कुणाचा हात वळत नाही. मला पुनर्लेखन हवं होतं.

हे तोंडी सांगून पटलं नाही. पटलं ते शाळा समितीच्या बैठकीत, प्रोजेक्टरवर एका मुलाचा निबंध उघडल्यावर. विषय गावची जत्रा. पहिला खर्डा असा: "जत्रेत खूप गर्दी होती. मला खूप मजा आली." बाजूला माझी टिप्पणी: गर्दीत तुझ्या उंचीवरून काय दिसत होतं? मग मी डॉक्समधला आवृत्ती इतिहास, म्हणजे आधीचे सगळे बदल जपून ठेवणारी सोय, उघडून एकेक आवृत्ती दाखवली, खोडलेलं आणि नवं लिहिलेलं रंगात दिसतं. तिसऱ्या आवृत्तीत वाक्य आलं: "मला नुसती धोतरं आणि लुगडी दिसत होती, म्हणून मी आजोबांचा सोगा सोडलाच नाही." समितीतले एक पालक सदस्य म्हणाले, हे पोरानं स्वतः लिहिलं? उत्तर समोरच होतं, कधी काय बदललं ते वेळेसकट. सरांनी त्याच बैठकीत वर्षभराची मंजुरी दिली आणि अट घातली: शेवटची प्रत वहीत, पेनाने. ही अट मला मनापासून आवडली. अक्षर सुटत नाही आणि वहीत उतरतं ते तीनदा घासलेलं लेखन.

पैशांचं म्हणाल तर सॉफ्टवेअरला खर्च शून्य. मान्यताप्राप्त शाळांना गूगल वर्कस्पेसची शिक्षणासाठीची मूळ आवृत्ती मोफत मिळते. पालकांची लेखी संमती मात्र आधी घ्या. 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे, आणि कायदा नसता तरी ते करायलाच हवं होतं.

वीज गेली की नेट जातं. डॉक्स ऑफलाइन चालतं, पण ते लेखन नेट येईपर्यंत त्याच मशीनवर राहतं. म्हणून लॅपटॉपवर नंबर टाकले, जोडी ठरलेल्या नंबरवरच बसते.

एका बाबतीत माझं मत बदललं. बोलून टाइप करायची सोय जूनमध्ये मी वर्गात नको म्हटली होती, मुलं लिहायची टाळाटाळ करतील म्हणून. आता पहिल्या खर्ड्यापुरती परवानगी देते. वर्गात एक मुलगा आहे, दोन ओळींपुढे कधी लिहायचा नाही. तो शेळी व्यायली ती रात्र बोलत गेला आणि पडदा भरला. विरामचिन्ह एकही नव्हतं. वाक्य कुठे संपतं ते शोधत तो पुढचे दोन्ही तास बसला. पूर्णविराम शिकवायचा याहून चांगला धडा माझ्याकडे नव्हता.

पुढच्या वर्षी नववीलाही लॅपटॉप द्यायचे ठरले आहेत. या वेळी दरपत्रक मागवतानाच मी अट लिहून दिली आहे: देवनागरी अक्षरं कळेवर छापलेली हवीत, स्टिकर चालणार नाहीत, आणि अक्षर पुसलं गेलं तर कीबोर्ड बदलून द्यायचा. सरांनी त्याखाली सही केली आहे.