गोकर्णाची सुकी फुलं: रंगाला पैकीच्या पैकी, चवीला जेमतेम

पन्नास ग्रॅमचं पाकीट ऑनलाइन मागवलं, दोनशे चाळीस रुपयांना. दारातल्या वेलाला पावसाळ्यात फुलं येतात, पण लेकीच्या वाढदिवसाला निळं सरबत हवं होतं आणि वेल नेमका रुसलेला.

एक वाटी पाणी उकळून गॅस बंद केला, पंधरा फुलं टाकली, झाकण ठेवलं. दहा मिनिटांत पाणी शाईसारखं गडद. गाळून त्यात वाटीभर साखर घातली आणि ती विरघळेपर्यंतच मंद आचेवर ठेवलं. एकतारीपर्यंत नेऊ नका, सरबतात नीट मिसळत नाही. पहिल्यांदा मी फुलं साखरेसकट खळखळा उकळली, तर पाकाला ओल्या वाटाण्यासारखा वास! (गोकर्ण शेंगावर्गातलंच, तक्रार कुणाकडे करणार?)

खरी गंमत लिंबाची. पिळलं की निळ्याचं जांभळं होतं. यातलं अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य आंबटपणाला रंग बदलतं. पोरांनी लिंबू पिळायलाच रांग लावली, प्यायलं निम्म्यांनीच. चव म्हणाल तर नुसती साखर. पुढच्या वेळी गाळताना आल्याचा तुकडा टाकला, तेव्हा कुठे जीव आला.

पाकिटात तळाशी देठं आणि चुरा बराच निघाला, त्याचा एक तारा कापला. लाल अंबाडीच्या बोंडांच्या पाकाला निदान स्वतःचा आंबटपणा असतो. पाच पैकी साडेतीन. फ्रीजमध्ये बाटली आहे अजून, सासूबाई मात्र तिला ‘नीळ’च म्हणतात.