दहा महिने, कुंभार्ली घाट आणि पंधरा हजारांचा फोन

गेल्या वर्षी गणपतीच्या आठ दिवस आधी हा फोन घेतला. पंधरा हजार रुपये, ६.७ इंची स्क्रीन, ५००० एमएएचची बॅटरी, खोक्यात ३३ वॉटचा चार्जर. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या किमतीतले सगळे फोन आतून सख्खे चुलतभाऊच असतात, आणि दहा महिन्यांत माझं जे बरंवाईट झालं त्यातलं निम्म्याहून जास्त फोनमुळे झालंच नाही. तो मी कुठे ठेवला आणि कधी हातात घेतला, त्यावरून झालं.

काम सांगतो म्हणजे वापराचा अंदाज येईल. चिपळूणच्या एका औषध वितरकाकडे मी ऑर्डर आणि वसुली बघतो. आठवड्यातून तीन दिवस दुचाकीवर खेर्डी, अलोरे, पोफळी, मग कुंभार्ली घाट चढून कोयनानगर, पाटण आणि शेवटी कराड. रोज साठ-सत्तर कॉल, तीस-चाळीस बिलांचे फोटो, यूपीआय, व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डरी. फोन बंद पडला तर माझं दुकान बंद.

सुरुवात चुकीनेच झाली. फोन घेतला त्याच दिवशी हँडलला लावायचा होल्डर घेतला, साडेतीनशे रुपयांचा. समोर फोन दिसतोय, कॉल आला की नाव दिसतंय, मला तर विमान चालवल्यासारखं वाटायचं. चौथ्या महिन्यात बिलांचे फोटो हलल्यासारखे यायला लागले. कॅमेरा उघडला की चित्र आपोआप थरथरायचं. मोबाइलवाल्या पोराने फोन कानाजवळ हलवून बघितला आणि विचारलं, "काका, गाडीवर लावता का?" हात हलला तरी फोटो हलू नये म्हणून या कॅमेऱ्यातली लेन्स बारीक स्प्रिंगांवर तरंगती असते. इंजिनाची थरथर हँडलमधून तासन्‌तास तिच्यापर्यंत पोचली की ती कामातून जाते. अ‍ॅपलने २०२१ मध्येच मोटारसायकलींबद्दल ही सूचना दिली होती, हे मला नंतर कळलं. सर्व्हिस सेंटरने हे वॉरंटीत बसत नाही म्हणून हात वर केले. बाविसशे रुपये गेले. होल्डर माळ्यावर गेला.

आणि त्यानंतरच हा फोन मला खऱ्या अर्थाने उपयोगी पडायला लागला. होल्डर नाही म्हणजे फोन बॅगेत, बॅगेत म्हणजे कॉल घेता येत नाही. पहिले आठ दिवस जीव नुसता वरखाली. गिऱ्हाईक जाईल, शेठ ओरडेल. मग ड्रायव्हिंग मोड चालू केला. गाडी चालू असताना फोन गप्प बसतो आणि कॉल करणाऱ्याला मेसेज जातो, "गाडीवर आहे, पोफळीला थांबलो की करतो." थांबायच्या जागा तीनच ठेवल्या: पोफळी, कोयनानगर, पाटण. महिन्याभरात मेडिकलवाल्यांना त्याची सवय झाली. आता ते माझ्या थांब्यांच्या वेळेलाच फोन करतात आणि ऑर्डर आधी कागदावर उतरवून ठेवतात. आधी एका ऑर्डरीसाठी तीन कॉल व्हायचे, आता एक होतो. शेठने तक्रार केली नाही. त्यांना बहुधा कळलंही नाही.

कायद्याचं म्हणाल तर गाडी चालवताना हातात फोन धरणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये धोकादायक चालवण्यात मोडतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी दंड एक ते पाच हजारांपर्यंत होऊ शकतो. १ ऑक्टोबर २०२० पासून नियमात एवढी सूट आहे, की फक्त रस्ता बघायला आणि लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने फोन वापरता येतो. मला त्या रस्त्यातला खड्डान्‌खड्डा पाठ आहे, त्यामुळे ती सूट माझ्या काही कामाची नाही.

बॅटरी. घाटात रेंज येते-जाते, आणि रेंज क्षीण असली की फोन टॉवर गाठायला जास्त जोर लावतो. घाट चढताना माझी वीस टक्के बॅटरी उडायची. आता पोफळीहून निघताना फ्लाइट मोड लावतो आणि कोयनानगरला काढतो, तर तेवढ्या वेळात चार-पाच टक्केच जातात. तेवढा वेळ सरकारकडून फोनवर येणाऱ्या अतिवृष्टीसारख्या धोक्याच्या सूचनाही येणार नाहीत हे लक्षात ठेवायचं. म्हणून जोराचा पाऊस असला की हे करत नाही.

रेडिएशनचा प्रश्न बायको दर महिन्याला काढते, "अहो, तो कानाला लावून झोपू नका." तिच्यासाठी *#०७# डायल करून दाखवलं. फोनचा एसएआर आकडा येतो, म्हणजे फोनच्या लहरी शरीरात किती शोषल्या जातात त्याचं माप, आणि भारतात मर्यादा आहे किलोला १.६ वॉट. माझ्या फोनचा त्याच्या आत आहे. तरी रेंज एका दांडीवर असताना लांबलचक हिशोब मी स्पीकरवर किंवा वायरच्या हेडफोनवरच करतो. फोन डोक्यापासून वीतभर लांब धरायला काही खर्च येत नाही.

चार्जिंगमध्ये एकच गोष्ट कटाक्षाने पाळली, ८० टक्क्यांवर थांबायचं सेटिंग. दहा महिन्यांनी बॅटरी हेल्थ, म्हणजे नवी असतानाच्या किती टक्के ताकद उरली ते, ९६ दाखवते. मेव्हण्याचा याच मॉडेलचा फोन रात्रभर उशीखाली चार्ज होतो, त्याची ८९ वर आलीय. दोन फोनांवरून सिद्धांत मांडायचा नाही हे मान्य, पण उशीखालचा फोन हाताला किती गरम लागतो ते एकदा बघा. उष्णता हीच लिथियम बॅटरीची मुख्य वैरीण. एप्रिलमध्ये कराडला उन्हात गाडीच्या टाकीवर फोन ठेवला, तर दहा मिनिटांत तापमान वाढल्याचा इशारा आला. सावलीत ठेवून कव्हर काढलं की तो आपला आपण निवतो. थंड करायला फ्रिजमध्ये ठेवू नका, आत दव धरतं. स्टँडवर दीडशे रुपयांत मिळणारे चार्जर मी बंद केले. अ‍ॅडॉप्टरवर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचा, आर-नंबर असतो, तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून तपासता येतो. माझ्या घरातल्या दोन चार्जरांवर तो नंबरच नव्हता. पॉवर बँकेबद्दल थोडक्यात: १०,००० एमएएच लिहिलेली बँक माझा फोन दोनदा पूर्ण भरत नाही, आणि खरा आकडा तिच्या पाठीवर मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेला असतो.

आता पाऊस. आमच्याकडे हा परीक्षेचा खरा पेपर. फोन आयपी६४ आहे, म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि शिंतोडे सोसेल. बुडवायचा नाही. पाण्याने बिघडला तर वॉरंटी मिळत नाही, हे जाहिरातीत धबधब्याखाली फोन धरणारी मंडळी सांगत नाहीत. सप्टेंबरात एकदा चार्जिंगच्या भोकात ओल असल्याचा इशारा आला. आई लगेच म्हणाली, "तांदळाच्या डब्यात खुपस." मी म्हटलं, "आई, तांदळाची भुकटी आत जाईल." ती म्हणाली, "मग मीठ नको ना घालूस?" शेवटी भोक खाली करून हळूच झटकला आणि पंख्याखाली ठेवला. चार तासांनी इशारा गेला. तेवढा वेळ चार्जर लावायचा नाही, एवढंच पथ्य.

पावसाचा दुसरा ताप म्हणजे ओली स्क्रीन. थेंबाला फोन बोट समजतो. पाटणला भिजत यूपीआय करताना ४५० च्या पुढे एक शून्य आपसूक उमटलं होतं. पिन टाकण्याआधी दिसलं म्हणून वाचलो. तेव्हापासून नाव आणि रक्कम वाचल्याशिवाय पिनला हात लावत नाही. चहा-वडापावसाठी यूपीआय लाइट ठेवलंय, त्याला पिन लागत नाही. त्यात पाचशेच्या वर कधी ठेवत नाही. फोन हरवला तर पाचशेच जातील.

हरवण्यावरून, भाचीचा फोन दिवाळीत एसटी स्टँडवर गेला. पोलिसांत तक्रार केली, संचार साथी या सरकारी पोर्टलवर आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख-क्रमांक, टाकून तो ब्लॉक केला, पण आयएमईआय शोधायलाच अर्धा दिवस गेला, कारण खोकं रद्दीत गेलं होतं. त्या रात्री मी *#०६# करून घरातल्या चारही फोनांचे नंबर कपाटाच्या दाराला आतून चिकटवले. सिमलाही पिन लावला. स्क्रीनलॉक कितीही भक्कम असलं तरी सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं की ओटीपी तिकडे यायला लागतात, याचा विचार मी तोवर केलाच नव्हता. एक खबरदारी घ्या. पिन तीनदा चुकला की सिम पीयूके, म्हणजे कुलूप उघडायचा वेगळा कोड, मागतं, तेव्हा सिमचा मूळ पिन आधी सिमच्या कंपनीला विचारूनच हे करा.

फोन मोठा आहे, हे खरं दुखणं. एका हाताने टाइप करून जानेवारीत अंगठ्याच्या मुळाशी कळ यायला लागली. मराठी बोलून टाइप करायला लागलो आणि ती गेली. फोन नव्वद टक्के बरोबर लिहितो. "खेर्डीची वसुली" मात्र दरवेळी "खेळण्याची वसुली" होते, आणि ऑफिसच्या ग्रुपवर मला आता तेच नाव पडलंय.

धोक्याच्या सूचनांचं सेटिंग तेवढं सगळ्यांनी बघून घ्या. २२ जुलै २०२१ ला आमच्याकडे चिपळूणला पुराचं पाणी शिरलं तेव्हा माझ्याकडे फोन होता, पण रेंज नव्हती आणि चार्जिंगही नव्हतं. यंदा जूनमध्ये अतिवृष्टीचा इशारा मराठीत, भोंग्यासारखा मोठ्ठा आवाज करत आला. आई दचकली. मी गाडी वरच्या आळीत नेऊन लावली आणि पॉवर बँक भरून ठेवली. पाणी आलं नाही.

स्क्रीनच्या डाव्या कोपऱ्यात एक तडा आहे. घाटात गेलेला नाही. रविवारी दुपारी आडवा पडून क्रिकेट बघत होतो, डोळा लागला, फोन आधी नाकावर आणि तिथून फरशीवर. बायको आतून म्हणाली, "झोपायचंय की बघायचंय, एक काय ते ठरवा." नव्या स्क्रीनचे तीन हजार सांगतात. अजून टाकलेली नाही.