तासावरची सायकल, नाथसागराच्या काठी

समुद्राला जायचं म्हटलं की आमच्या जालन्याहून अख्खी रात्र गाडीत जाते आणि हाती लागते एक दुपार. म्हणून पाण्याकाठची हौस आम्ही पैठणला भागवतो. जायकवाडी धरणाच्या फुगवट्याला, म्हणजे नाथसागराला लागून एका गावाच्या फाट्यावर पत्र्याचं शेड आहे, तिथं तासावर सायकली मिळतात. दुकानाच्या नावाची पाटी वगैरे काही नाही. दुकान चालवणाऱ्यांना सगळे मामाच म्हणतात.

मोठी सायकल तासाला 40 रुपये, लहान 25. अनामत नाही. गाडीचा नंबर पाटीवर खडूनं लिहितात, झालं. पण मला आवडलं ते पुढचं. मामा सायकल हातात देऊन मोकळे होत नाहीत. आधी सीटवर बसवतात, पॅडल खाली नेऊन त्यावर टाच ठेवायला लावतात. पाय सरळ झाला तर उंची बरोबर, गुडघा वाकला तर पाना घेऊन सीट वर. शहरात मुलीची सायकल घेतली तेव्हा भल्यामोठ्या शोरूममध्ये एवढं कुणी केलं नव्हतं. तिथं सगळा भर डिस्क ब्रेक आणि गिअरवर. इथं गिअरच्या दोन आहेत, त्या घेऊ नका. रस्ता सपाट आहे, आणि साखळी अशी कुरकुरते की चालवणाऱ्यापेक्षा ऐकणाराच दमतो. साधी लोखंडी, मडगार्ड-चेनकव्हरवाली घ्या. साडी, ओढणी काही अडकत नाही. आमच्या आत्याबाईंनी नऊवारीत चालवली. लग्नाआधी शेतावर डबा सायकलवरच न्यायच्या, हे आम्हाला त्या दिवशी कळलं!

आपल्याकडं सायकलीचा पहिला वैरी सराटा, दुसरा वेडी बाभूळ. काठाकाठानं जाणाऱ्या पायवाटेवर दोन्ही हात जोडून उभे असतात. मामांनी त्यावर आपला तोडगा काढलाय. जुनी ट्यूब उभी चिरून, पट्टीसारखी उलगडून टायरच्या आत अंथरतात आणि मग तिच्यावर नवी ट्यूब चढवतात. सायकल थोडी जड होते खरी, पण सराट्याचं टोक त्या पट्टीतच अडकून राहतं. परत आल्यावर माझ्या लेकीनं टायर फिरवून त्यातले सराटे नखानं काढले, चांगली मूठभर निघाले, हवा मात्र जशीच्या तशी. तरी पंक्चर झालंच तर फोन करायचा. मामांचा पोरगा पंप, घासकागद आणि सोल्युशनची ट्यूब घेऊन मोटारसायकलवर येतो. त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत.

आता तक्रार. लहान लेकरांसाठी मागच्या कॅरिअरवर जी सीट बसवलीय ती मला पटली नाही. पट्टा आहे, पण पाय ठेवायला धड जागा नाही, आणि चार वर्षांच्या पोराचा पाय आरेत जायला किती वेळ लागतो? मी म्हटलं तेव्हा मामांनी चाकाच्या दोन्ही बाजूंनी कोंबडीच्या खुराड्याची जाळी तारेनं बांधून दिली. काम चाललं, पण ही जाळी आधीच असायला हवी. तुमचं लेकरू लहान असेल तर निघायच्या आधी मागूनच घ्या, लाजू नका. हेल्मेट तर ठेवतच नाहीत, घरून न्या.

कुठं फिरायचं? धरणाच्या भिंतीवर सोडत नाहीत, तेव्हा ती 10 किलोमीटरची मातीची भिंत दुरूनच बघायची. काठच्या गावांचे रस्ते आणि गाळपेरीच्या वाटा आपल्या. इथलं खोरं उथळ आहे, त्यामुळं पाणी हातभर उतरलं तरी काठ कितीतरी मागं सरतो आणि उघड्या पडलेल्या गाळात लोक हरभरा, गहू, टरबूज घेतात. गाळ ओला असेल तर सायकल उतरवू नका. काळी माती मडगार्डात अशी भरते की चाकच फिरत नाही.

मामांचा दुसरा सल्ला वाऱ्याचा. "ताई, वारं तोंडावर घेऊन जा आन् पाठीवर घेऊन या. लोकं उलटं करू राहिले, मंग येताना लेकरं रडू राहिले." अगदी खरं. पाण्यावर अडवायला काही नसल्यानं दहानंतर वारं सुटतं आणि लहान पोरांचे पाय लगेच भरून येतात.

आम्ही गेलो ते थंडीत. जायकवाडी 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो), पट्टकदंब, चक्रवाक हे पक्षी येतात. रोहित बघायचे तर सायकल रस्त्यावर लावून पायी जा, घंटी वाजवू नका. घंटी वाजवायची नाही म्हटल्यावर आमच्या चिरंजीवांचा निम्मा उत्साह मावळला. एका उंचवट्यावरून पलीकडचा काठ दिसेना, तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "हा तं दर्याच हाये की गं." मामांचं मूळ गाव याच पाण्याखाली आहे. 1976 साली इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचं उद्घाटन झालं, त्याच्या आधीच त्यांच्या घरच्यांनी बिऱ्हाड हलवलं होतं. विचारलं तर सांगतात, न विचारता सांगत नाहीत.

खायला दुकानात फक्त चहा. डिसेंबर-जानेवारीत आजूबाजूला हुरडा मिळतो, चटणी तिखटजाळ असते, पोरांसाठी दही सोबत ठेवा. नाथषष्ठीच्या आठवड्यात येऊ नका. दिंड्या आणि गाड्यांनी रस्ते भरलेले असतात आणि मामा स्वतः पैठणला पाणी वाटायला गेलेले असतात. रविवारी सातच्या आत पोचा. लहान मुलांच्या 20 इंची सायकली दोनच आहेत, आणि आठ वाजता त्यांच्यावरून भांडणं लागतात.