‘अळी लागत नाही’ म्हणून विकलेलं बियाणं

मे महिन्यात यवतमाळ, वर्धा, चंद्रपूरकडच्या गावांत बिनबिलाची कपाशीची पाकिटं पोचतात. विकणारा बऱ्याचदा ओळखीतला असतो. “ही बीजी-4 आहे. तणनाशक मारा, निंदणीची मजुरी वाचेल, गुलाबी बोंडअळीही लागत नाही,” असं तो सांगतो. 2025 च्या हंगामात बीजी-2 च्या, म्हणजे अळीला मारणारी प्रथिनं झाडातच बनवणाऱ्या परवानगीच्या बीटी कपाशीच्या, 475 ग्रॅमच्या पाकिटाची कमाल किंमत 901 रुपये होती. या बेकायदा बियाण्याला, चोरबीटीला, लोक त्याहून जास्त मोजतात.

भारतात बीजी-2 च्या पुढच्या बीटी कपाशीला आणि तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीला विक्रीची परवानगीच नाही. शिवाय तणनाशक सहन करण्याच्या जनुकाचा अळीशी काहीही संबंध नसतो. बीजी-2 मधली क्राय1एसी आणि क्राय2एबी ही दोन्ही प्रथिनंही गुलाबी अळी पचवू लागली आहे. 2017 ला विदर्भ-मराठवाड्याने ते भोगलं. म्हणून ‘लागत नाही’ म्हणणारा खोटंच बोलतो, मग पाकीट कोणतंही असो.

अशा पाकिटात पुष्कळदा संकरित वाणाच्या कापसातून काढलेली, रंग लावलेली सरकी असते. दुसऱ्या पिढीत जनुकं विखुरतात. काही झाडांत बीटी उतरतं, काहींत नाही. तणनाशक फवारलं की काही झाडं तणासोबतच जळतात, आणि दुबार पेरणीची वेळ निघून गेलेली असते.

खरं नुकसान मात्र विश्वासामुळे होतं. अळी येणारच नाही म्हणून सापळे लागत नाहीत, डोमकळ्या (अळी लागून न उमलता मिटलेली फुलं) कोणी पाहत नाही. अंड्यातून निघालेली अळी लवकरच बोंडात शिरते, छिद्र बुजतं, बोंड बाहेरून हिरवंगार दिसतं. वेचणीला कवडी, म्हणजे किडका, नीट न फुटलेला कापूस, हाती येतो, आणि तेव्हा तोच विक्रेता दोन-तीन औषधं एकत्र मारायला सांगतो. आतल्या अळीपर्यंत फवारा पोचतच नाही. असं मिश्रण फवारणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं. यवतमाळमध्ये 2017 ला फवारणीच्या विषबाधेने शेतकरी, शेतमजूर दगावले आहेत.

बियाणं परवानाधारक कृषी केंद्रातूनच घ्या. बिलावर वाण आणि लॉट नंबर लिहून घ्या. पाकीट, टॅग आणि मूठभर बी जपून ठेवा. फसगत दिसली की पीक उभं असतानाच तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या, कारण पंचनामा शेतातच होतो. बिल नसेल तर भरपाई मागायला हातात काही उरत नाही.

चोरबीटी आधीच पेरली असेल तर पेरणीनंतर 45 दिवसांनी एकरी 2 कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे) लावा. सलग तीन रात्री दर सापळ्यात रोज 8 पतंग आले की फवारणीची वेळ झाली. एकरातून 20 हिरवी बोंडं तोडून फोडा. दोन बोंडांतही अळी दिसली तरी थांबू नका. डोमकळ्या वेचून नष्ट करा. डिसेंबरअखेर पऱ्हाटी (कपाशीची झाडं) उपटा, फरदड, म्हणजे हंगामानंतर लांबवलेलं पीक, ठेवू नका.