शेवंती आता रिक्षाला बुजत नाही (बसचं अजून बघू)

घोडीला ट्रॅफिकची सवय लावून देणाऱ्या ट्रेनरना ४ स्टार. पाचवा का कापला ते खाली लिहिलंय.

आमची घोडी शेवंती, मारवाडी जातीची, साडेचार वर्षांची, सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली. तिकडे तापीकाठी एवढ्या गर्दीत ही मजेत कडबा खात उभी होती, म्हटलं मुंबईत काय होतंय. इथे आल्यावर कळलं घोडं कुठे पेंड खातंय ते. तबेला आरे कॉलनीत, म्हशींच्या गोठ्यांच्या मागे, आणि मैदान रस्त्यापलीकडे. मधे जेमतेम पाचशे मीटर, पण तेवढ्यात रिक्षा, डंपर, बेस्टची बस, सायलेन्सर काढलेली बुलेट सगळे भेटतात. दुसऱ्याच दिवशी मागून रिक्षा आली आणि बाईसाहेब मला घेऊन थेट नारळवाल्याच्या गाडीवर. अकराशे रुपये भरले नारळांचे.

ह्या ट्रेनरना बोलवायच्या आधी दुसऱ्या एकाला विचारलेलं, तो म्हणाला हायवेच्या कडेला दोन तास बांधून ठेवा, आपोआप सवय होते. ठेवली. सवय कसली, त्यानंतर खोगीर दिसलं तरी थरथरायची, तबेल्याच्या दारातून पाय बाहेर टाकेना. ही माझी चूक, कबूल.

हे आले तर पहिल्या दिवशी काही शिकवलंच नाही. जबड्याखाली नाडी कुठे लागते ते दाखवलं, पंधरा सेकंद मोजा आणि चारने गुणा म्हणाले. तबेल्यात ३६. गेटपाशी नेली, लांबून रिक्षा दिसली, तेव्हा ८४, आणि मी तोपर्यंत बायकोला सांगत होतो की बघ किती शांत उभीये! शांत नव्हती, थिजली होती. मान वर, नाकपुड्या फुगलेल्या, मारवाडीचे ते वळलेले कान टोकाला टोक लावून ताठ. हे आधी कळलं असतं तर नारळ वाचले असते.

मग त्यांनी ओळखीतल्या एकाची रिक्षा आणून कंपाउंडमधे लावली, इंजिन बंद, आणि मागच्या सीटवर चंदीचं (दाणा-खुराकाचं) घमेलं. बस्स. जबरदस्ती नाही, ओढाताण नाही. पहिले दोन दिवस ती वीस फुटांवरून फुरफुरत बघत राहिली, तिसऱ्या दिवशी मान लांब करून एक घास घेतला आणि मागे पळाली, पाचव्या दिवशी डोकं आत घालून अख्खं घमेलं साफ, वर रेक्झीन चाटून ठेवलं. त्यानंतर इंजिन चालू, मग हॉर्न. मग रिक्षा हळूहळू पुढे आणि आम्ही तिच्या मागे. ही आयडिया मला जाम आवडली, कारण घोड्याला मागून येणाऱ्या वस्तूची भीती, स्वतःपासून लांब जाणाऱ्याची नाही, उलट दोन फेऱ्यांनंतर शेवंतीच रिक्षाच्या मागे लागली. तिने मान खाली सोडून ओठ चघळले की तिथेच त्या दिवसाचं काम बंद, मग दहा मिनिटं झालेली असोत नाहीतर चाळीस.

सगळं दोन्ही बाजूंनी करावं लागतं हे नवीन कळलं. डावीकडून सवय झालेली रिक्षा उजवीकडून आली तर ती परत बुजू शकते. आणि बरोब्बर शेपटीमागचं तिला दिसतच नाही, नुसता आवाज येतो.

रस्त्यावर पहिल्यांदा नेली ती ह्यांच्या म्हाताऱ्या घोड्याच्या आडोशाने, तो ट्रॅफिकच्या बाजूला, ही आतून. त्याला धरणारे चाचा पूर्वी नरिमन पॉइंटला व्हिक्टोरिया घोडागाडी चालवायचे, ह्या गाड्या बेकायदा ठरवणाऱ्या २०१५ च्या हायकोर्टाच्या निकालानंतर तो धंदा बसला. ते मला एकच वाक्य सारखं ऐकवायचे, "साहेब, लगाम सोडा." हॉर्न वाजला की आधी मीच दचकून लगाम आवळायचो आणि तिला वाटायचं मालक एवढा घाबरलाय म्हणजे नक्की वाघ असणार (आरेत बिबट्या आहे म्हणा, पण तो वेगळा विषय).

आता एक स्टार. बारा सेशन सांगितले होते, एकोणीस झाले, सेशनला १२०० प्रमाणे हिशोब तुम्हीच करा. साडेपाचची वेळ देऊन सहा-दहाला यायचे आणि तोपर्यंत शाळेच्या बस सुरू. पावसामुळे दोन दिवस कॅन्सल झाले तेही बिलात, भांडल्यावर एक कमी केला. काम मात्र घाईने उरकलं नाही हे सांगायला हवं, सेशन वाढले ते मधे एकदा डंपरला बुजून उधळली आणि परत पार्क केलेल्या रिक्षापासून सुरुवात करावी लागली म्हणून.

रिक्षा, बाईक, टेम्पो ओके. बसच्या एअर ब्रेकचं मात्र अजून शंभर टक्के नाही. गेल्या रविवारी अगदी बाजूला फुस्स झालं, ती जागच्या जागी थांबली, एक कान तिकडे फिरवला, पोटाखालून थरथरली, मी लगाम ढिला ठेवून नुसता मोठा श्वास सोडला, आणि बाईसाहेबांनी भर रस्त्यात लीद टाकून चालायला सुरुवात केली.

लग्नाच्या वरातीसाठी घोडी तयार करायची असेल तर ढोल-ताशा आणि फटाके ह्या पॅकेजमधे नाहीत, आधीच विचारून घ्या. आणि एक रिकामं पोतं बरोबर ठेवा, लीद उचलली नाही तर गेटवरचा वॉचमन पुढच्या वेळी सोडत नाही.