लो-कार्ब सुशीसाठी सुशी किट घ्यावं का? माझा अनुभव

घरात शुगरवालं माणूस आहे आणि त्याच माणसाचा सुशीवर (भात आणि मासे-भाज्यांचा जपानी रोल) भयंकर जीव, म्हणून हे किट मागवलं. बाहेरच्या एका साध्या रोलमध्ये शंभरेक ग्रॅम शिजलेला भात सहज जातो, म्हणजे 28-30 ग्रॅम कार्ब्स झालेच, वर त्या भाताला साखरवालं व्हिनेगर चोळलेलं असतं ते वेगळं. म्हणून मी भाताऐवजी फ्लॉवर वापरते, तेवढ्याच वजनाच्या फ्लॉवरमध्ये जेमतेम 5 ग्रॅम, त्यातलेही दोनेक ग्रॅम फायबर.

किटमध्ये बांबूची चटई, नोरीच्या (रोल गुंडाळायचं वाळवलेलं समुद्री शेवाळ) 10 शीट्स, सुशी व्हिनेगर, जपानी तांदळाचं पाकीट, लाकडी उलथनं आणि चॉपस्टिक्स असं येतं. चटई एक नंबर आहे, काड्या गोल, गुळगुळीत, दोरा घट्ट. फक्त साबणात भिजत घालू नका, नुसत्या पाण्याने धुवून उभी करून कडकडीत वाळवा, पावसाळ्यात तर नक्कीच, नाहीतर दोऱ्याला बुरशी धरते.

नोरी पण छान आहे, पापडासारखी कट्कन मोडते आणि हेच बघायचं असतं, कारण आपल्याकडच्या दमट हवेत पाकीट उघडं राहिलं की ती चामट होते आणि मग दाताने तुटतच नाही. उरलेल्या शीट्स आतल्या सिलिका जेलच्या पुडीसकट हवाबंद डब्यात ठेवा. मऊ पडलीच तर मंद गॅसवर दोन सेकंद वरून फिरवा, परत कुरकुरीत होते.

आता तक्रार. व्हिनेगरच्या बाटलीवर मागे बारीक अक्षरात घटक बघा, साखर अगदी वरच्या नंबरांत आहे!! पुढे मात्र मोठ्ठं हेल्दी छापलंय, हे मला अजिबात पटलेलं नाही. लो-कार्ब करणाऱ्याने साधं, बिनसाखरेचं राईस व्हिनेगर वेगळं घ्यावं आणि त्यात चिमूटभर मीठ. तांदूळ तर आपल्या कामाचाच नाही, म्हणजे किटच्या जवळजवळ निम्म्या पैशांचा आपल्याला उपयोग नाही. चटई आणि नोरी सुटी मिळत असेल तर तीच घ्या, स्वस्तात पडतं.

फ्लॉवरचं सांगते, कारण सगळा खेळ तिथेच आहे. मिक्सरला थांबून थांबून फिरवायचा, पीठ होता कामा नये, तांदळाएवढे दाणे हवेत. मग पाणी अजिबात न घालता पसरट कढईत पाच-सहा मिनिटं परतायचा, ताटात पसरून पूर्ण गार करायचा आणि सुती पंचात घालून जीव खाऊन पिळायचा, एवढं पाणी निघतं की विश्वास बसत नाही. ते पाणी आत राहिलं तर नोरी भिजून रोल फाटणारच. फ्लॉवरला भातासारखा चिकटपणा नसतो म्हणून बहुतेक जण क्रीम चीज घालतात, पण मला घट्ट चक्का जास्त आवडला, त्याचा आंबटपणा व्हिनेगरशी मस्त जुळतो. पाव किलो फ्लॉवरला दोन मोठे चमचे पुरे.

नोरीची खरखरीत बाजू वर ठेवून पातळ थर द्यायचा आणि पलीकडच्या कडेला दोन बोटं जागा मोकळी सोडायची, तिथे पाण्याचं बोट फिरवलं की रोल चिकटतो. सुरी प्रत्येक कापाला ओल्या फडक्याने पुसून घ्या. आणि लगेच खा, डब्यात वगैरे नेऊ नका.

आत मी उकडलेली कोळंबी, काकडीच्या काड्या, अवोकाडो घालते. बाजारातला कच्चा मासा घरी वापरू नका प्लीज, कच्च्या खायच्या माशाला जंतांसाठी उणे 20 डिग्रीला आठवडाभर ठेवावं लागतं आणि आपले घरचे फ्रीझर तेवढे भरवशाचे नसतात. क्रॅब स्टिक (खेकड्याच्या चवीची, माशाच्या लगद्याची कांडी) पण नको, त्यात स्टार्च आणि साखर असते. सोबतचं गुलाबी आलं बहुतेक वेळा साखरेत मुरवलेलं असतं, त्याऐवजी आल्याचे पातळ काप लिंबू-मिठात तासभर ठेवा, आमच्याकडे आता तेच आधी संपतं.